विहारातलं महिला मंडळ : हप्ते, कागद आणि सोबत

विहारातल्या महिला मंडळात नाव घालावं का, असं कुणी विचारलं की आधी उलट विचारावं: काम काय आहे? महिन्याकाठी चार पैसे बाजूला पडायला हवेत, मुलीचा जातीचा दाखला अडलाय, की पोलीस स्टेशनची पायरी एकटीनं चढवत नाही? पहिल्या कामाला मंडळ बरं आहे. दुसऱ्याला चांगलं आहे. तिसऱ्याला नाशिकमध्ये त्याच्याइतकं हाकेच्या अंतरावरचं दुसरं काही नाही.

हे परीक्षण एका कुठल्या मंडळाचं नाही. पंचवटी, नाशिकरोड, देवळाली, सातपूर, सिडको, जिथे जुनी वस्ती आणि विहार आहे तिथे बहुतेक ठिकाणी विहाराच्या आधारानं बायकांचं एक जाळं उभं असतं. पाटीवर कुठे रमाईचं नाव, कुठे सावित्रीबाईंचं, कुठे यशोधरेचं, कुठे पाटीच नाही. आतली मांडणी मात्र बरीचशी सारखी. पौर्णिमेला वंदनेला जमणारं मंडळ, त्यातल्याच दहा-वीस जणींचा बचत गट किंवा भिशी, आणि सगळ्यांना सामावणारा व्हॉट्सॲपचा ग्रुप. नव्या बाईला हे तिन्ही एकच वाटतं आणि पैशांचा पहिला गोंधळ तिथेच होतो. मंडळाची वर्गणी म्हणजे महिन्याचे वीस, तीस, पन्नास रुपये. ती दिवाबत्ती, सतरंज्या, खीर, जयंतीची रोषणाई यात जाते आणि परत मिळत नाही. गटाची बचत आपल्या नावावर राहते. पैसे देताना एवढंच विचारायचं: "ताई, हे कुठल्या वहीत लिहिताय?"

वस्तीला हे नवीन नाही. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांसारख्यांनी तो पुढे काही वर्षं रेटला, आणि त्यात बायाही होत्या. २० जुलै १९४२ ला नागपुरात दलित महिलांची परिषद भरली. एकत्र येण्याची सवय जुनी आहे. वही नीट ठेवण्याची सवय मात्र अजून सगळीकडे लागलेली नाही, आणि मंडळाचं बरंवाईट त्या वहीवर ठरतं.

भिशी आणि गट

भिशी सोपी म्हणून लोकप्रिय. वीस जणी, महिन्याला पाचशे, दहा हजारांचा डबा. स्टीलच्या डब्यात वीस चिठ्ठ्या, लहान पोर चिठ्ठी काढतं, ज्या बाईचं नाव निघेल ती पैसे उचलते. वीस महिन्यांत फेरी पूर्ण. पहिल्या महिन्यात जिचा नंबर लागला तिला बिनव्याजी कर्ज मिळालं, विसाव्या महिन्यातल्या बाईनं बिनव्याजी कर्ज दिलं, इतकाच त्याचा हिशेब. भिशी फुटते ती नेहमी एकाच जागी: आधी उचललेली बाई चार-पाच महिन्यांनी हप्ता थांबवते. म्हणून जिथे भिशी नीट चालते तिथे एक नियम असतो. डबा उचलणाऱ्या बाईला जामीन लागतो, आणि तो अशा बाईचा जिचा नंबर अजून लागायचा आहे. हप्ता थांबला तर जामीनदाराच्या डब्यातून वळता होतो. हा नियम पहिल्याच बैठकीत लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या असतील तर भांडण गल्लीत येत नाही.

लिलावाची भिशी टाळावी. दहा हजारांचा डबा एखादी आठ हजार दोनशेला उचलते, उरलेले अठराशे वीस जणींत नव्वद-नव्वद वाटले जातात. नव्वद रुपये मिळाल्याचा आनंद होतो खरा. पण इतकी खाली बोली कोण लावते? जिच्या घरात दवाखाना चालू आहे ती. शेजारणीच्या अडचणीवर नफा वाटून घेण्याचा हा प्रकार विहाराच्या सतरंजीवर तरी शोभत नाही.

बचत गट जरा कटकटीचा, पण दूरचा विचार केला तर तोच घ्यावा. दहा ते वीस जणी, अध्यक्ष-सचिव-खजिनदार, बँकेत गटाच्या नावानं खातं, तिघींपैकी दोघींच्या सह्यांनी पैसे निघतात. पंधरा जणींनी दोनशे रुपये महिना टाकले तर वर्षात छत्तीस हजार जमतात आणि त्यातूनच आपसात कर्ज फिरतं. व्याज बहुतेक गटांत महिना शेकडा दोन. ऐकायला सगळीकडे तेच. फरक पडतो ते कशावर धरतात यानं. पाच हजार घेतले, पाचशेचे दहा हप्ते ठरले. उरलेल्या मुद्दलावर व्याज धरलं तर पहिल्या महिन्याला शंभर, मग नव्वद, मग ऐंशी, असं दहा महिन्यांत साडेपाचशे होतं. मूळ रकमेवरच धरत राहिलं तर तेच हजार होतं. "आमच्याकडे दोन टक्केच" म्हणणाऱ्या कितीतरी गटांत हा दुसरा हिशेब चालतो, आणि कुणाची लबाडी म्हणून नव्हे. दर महिन्याला उरलेलं मुद्दल काढून लिहायचा कंटाळा, दुसरं काही नाही. सावकाराच्या महिना दहा टक्क्यांपुढे दोन्ही स्वस्तच. तिथे पाच हजारांवर दरमहा पाचशे नुसतं व्याज जातं आणि मुद्दल जागचं हलत नाही. पण स्वस्त आहे म्हणून हिशेब विचारायचा नाही असं थोडंच आहे.

गट चांगला की वाईट हे ओळखायला दहा मिनिटं पुरतात. इतिवृत्ताची वही, बचत-कर्जाचं रजिस्टर, रोकडवही आणि प्रत्येकीचं छोटं पासबुक, इतकं टेबलावर असायला हवं. कुणाचंही एक पासबुक उचलून त्यातला शेवटचा आकडा रजिस्टरशी ताडून पाहावा. जुळला तर बसा. "घरी जाऊन लिहिते" असं उत्तर आलं तर चहा पिऊन निघा. बैठकीतच लिहिलं जातं की नाही, इतकं पाहिलं तरी भागतं.

यातली एक अडचण फार ठिकाणी दिसते. घरकुलात नंबर लागला म्हणून सचिव ताई दुसऱ्या टोकाला राहायला गेल्या, सह्या बदलायचं राहून गेलं, बँकेत फेरी कुणी मारायची यावर दोन वर्षं गेली. दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं आणि मग ठराव, तिघींचे आधार-पॅन, फोटो, पुन्हा सगळं पहिल्यापासून. पदाधिकारी बदलल्याचा ठराव त्याच महिन्यात बँकेत द्यावा. गट सहा महिने नियमित चालला की बँकेच्या कर्जासाठी प्रतवारी होऊ शकते. १९९२ मध्ये नाबार्डनं गटांना बँकेशी जोडायला सुरुवात केली तेव्हापासून पाया तोच आहे, वही बघून पत ठरवायची. खातं झोपलेलं असेल तर प्रतवारीला दाखवायचं काय?

भिशी ही आपलीच असं वाटतं, पण वेस्ट इंडिजमधल्या आणि पश्चिम आफ्रिकेतल्या कृष्णवर्णीय बायका अगदी हेच करतात, त्याला सूसू म्हणतात. अमेरिकेत रिचमंड शहरात मॅगी लेना वॉकर या धुणं धुणाऱ्या आईच्या मुलीनं १८९९ मध्ये कृष्णवर्णीयांची एक डबघाईला आलेली परस्पर मदतीची संस्था हातात घेतली आणि १९०३ मध्ये त्याच संस्थेतून सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक उभी केली. वर्गणीच्या पेटीपासून बँकेपर्यंतचा तो पल्ला चार वर्षांचा होता. आपल्याकडे वीस-वीस वर्षं चाललेली मंडळं अजून पेटीपाशीच आहेत.

खासगी कंपन्यांच्या साप्ताहिक कर्जाबद्दल मंडळ बहुधा गप्प असतं, कारण त्या कंपन्यांचे "सेंटर", म्हणजे कर्जदार बायकांचे गट, याच बायकांतून भरतात आणि एकीनं हप्ता चुकवला की बाकीच्या तिच्या दारात बसतात. निदान नियम तरी भिंतीवर लावावेत. एप्रिल २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचं सांगणं असं आहे: वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घराला सगळ्या कर्जांचे मिळून महिन्याचे हप्ते उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत, आणि वसुलीचा माणूस सकाळी नऊच्या आधी किंवा संध्याकाळी सहानंतर येऊ शकत नाही. महिना बारा हजार येणाऱ्या घरात सहा हजारांवर हप्ते गेले असतील तर नवीन कर्ज देणाऱ्याचीही चूक आहे. हे वाक्य त्याच्या तोंडावर म्हणायला दोघी-तिघी लागतात. तिथे मंडळ कामाला यावं.

कागद

मंडळाची खरी कमाई इथे दिसते. सेतूत रांग लावणारा एजंट पैसे घेतो आणि अर्ज भरतो. कागद का अडला ते सांगत नाही. विहारातल्या एखाद्या ताईनं पन्नास दाखले काढून दिलेले असतात, तिला बटणाच्या फायलीकडे नुसतं बघून कळतं की काय कमी आहे.

अनुसूचित जातीच्या दाखल्याला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा लागतो, म्हणजे आजोबा-पणजोबांचा. शाळा सोडल्याचा दाखला मिळाला तर उत्तम. आजोबा शाळेत गेलेच नसतील, जे फार घरांत खरं आहे, तर गाव नमुना १४, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात, त्यातली जन्म-मृत्यूची नोंद शोधायची. ती तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळते, पानं हात लावल्यावर तुटतात आणि जुनी नोंद मोडीत असू शकते. मग मोडी वाचणाऱ्याकडून लिप्यंतर करून घ्यावं लागतं. इथे मंडळात एक गोष्ट विचारायची: त्याच गावची, त्याच भावकीची दुसरी कुणी आहे का? एकीला सापडलेली नोंद चुलत घरातल्या चौघींना चालते. हे जोडून देणं एजंटाला जमत नाही आणि मंडळाला सहज जमतं, कारण कोण कुठल्या गावाहून आली हे तिथे सगळ्यांना तोंडपाठ असतं.

अर्ज कुठे करायचा यावर निम्म्या बायका चुकतात. आज राहतो कुठे याला महत्त्व नाही. त्या तारखेला पूर्वज जिथे राहत होते तिथल्या उपविभागीय अधिकाऱ्याकडे अर्ज जातो. मूळ येवल्याचं असेल तर येवल्याच्या बाजूला, जालन्याचं असेल तर जालन्याला. तीस वर्षं नाशिकच्या अंबडला राहतोय, मतदानही इथेच, तरी नाशिकचा दाखला मिळत नाही. हे आधी सांगितलं तर दोन महिने वाचतात.

दुसरी चूक लग्न झालेल्या बायकांची. बाईची जात वडिलांकडून सिद्ध होते, म्हणून कागद माहेरचे. सासरच्या कागदांची चळत लावून उपयोग नाही. माहेरचं नाव आणि सासरचं नाव एकाच बाईचं आहे हे दाखवायला विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्र. मुलांच्या दाखल्याला मात्र नवऱ्याच्या बाजूचे कागद लागतात, आणि टाकून दिलेल्या बाईची खरी अडवणूक तिथेच होते: सासरचे दाखला दडवून बसतात. यावर उपाय आहे. सासऱ्यांच्या किंवा आजेसासऱ्यांच्या गावच्या शाळेत लेखी अर्ज देऊन जनरल रजिस्टरचा उतारा मागायचा. घरातल्या कुणाच्या हातापाया पडायला नको. शाळेत जाताना दोघींनी जावं, एकटीला टोलवतात.

तिसरी अडचण रकान्यातली. एका भावाच्या दाखल्यावर "हिंदू महार", दुसऱ्याच्या "बौद्ध", तिसऱ्याच्या "नवबौद्ध". १९५६ च्या धर्मांतरानंतरच्या घरांत असंच असणार, त्यात चूक कुणाचीच नाही. आजोबांच्या नोंदीत मूळ जात असेल तर काम भागतं. केंद्र सरकारनं बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जाती म्हणून १९९० मध्ये मान्यता दिली, म्हणून रेल्वे, बँक, पोस्ट असल्या ठिकाणी अर्ज करणाऱ्या मुलीनं केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा काढून ठेवावा. राज्याचा दाखला घेऊन गेली तर ऐनवेळी परत पाठवतात. आणि हो, जात आणि उत्पन्नाच्या दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागत नाही. बाहेर टेबल टाकून बसलेला माणूस स्टँपपेपर खपवायला बघतो.

दाखल्याची पडताळणी हा वेगळाच घाट. नाशिक जिल्ह्यातल्या दाखल्याचं जात वैधता प्रमाणपत्र नाशिक-पुणे रस्त्यावर नासर्डी पुलाजवळच्या सामाजिक न्याय भवनातून होतं, आणि विज्ञान शाखेच्या मुलीचा अर्ज बारावीत असतानाच कॉलेजमार्फत टाकायचा असतो. निकालानंतर धावाधाव करणाऱ्यांची गर्दी दर वर्षी तीच. वडील, सख्खे काका, आत्या यांपैकी कुणाची वैधता झालेली असेल तर ती जोडली की अर्ज हलका होतो. पुन्हा तेच, भावकीत विचारायचं.

शिष्यवृत्ती आणि लाडकी बहीणचे दीड हजार यांची तक्रार एकच असते, "मंजूर दिसतंय, पैसे नाहीत." पासबुकाची झेरॉक्स कितीही वेळा द्या, पैसे जातात आधारला शेवटचं जोडलेल्या खात्यात, आणि ते बऱ्याचदा कधीकाळी कुठल्यातरी शिबिरात उघडलेलं, पासबुक हरवलेलं खातं असतं. आधारच्या संकेतस्थळावर मोबाइलच्या ओटीपीनं कुठली बँक जोडली आहे ते दिसतं. दोन मिनिटांचं काम. त्यासाठी दोनशे रुपये घेणारे आहेत, मंडळात ते फुकट होतं.

स्वाधार योजनेबद्दल मंडळांत चुकीची आशा लावली जाते हेही लिहायला हवं. नाशिकसारख्या विभागीय शहरात त्या योजनेत वर्षाला ५१,००० रुपये मिळतात, भोजन २८,०००, निवास १५,०००, निर्वाह ८,०००, पण वसतिगृहात जागा न मिळालेल्या, बाहेरगावाहून शिकायला आलेल्या मुला-मुलींना. सातपूरला राहून कॉलेजरोडला शिकणाऱ्या मुलीला नाही. ग्रुपवर कुणीतरी योजनेचं चित्र टाकतं, चाळीस जणी हात जोडतात, आणि अट कुणी वाचत नाही.

सोबत

पोलीस स्टेशन, दवाखाना, कोर्ट. इथे मंडळ पैसा देत नाही, वकील देत नाही, दोन बाया देतं. त्या दोन बायांनी काय फरक पडतो हे एकटीनं तीन तास बाकावर बसलेल्या कुणालाही विचारा.

जिथे ही सोबत मुरलेली आहे तिथे कामं वाटलेली असतात. एक बोलते, एक कागद आणि वेळ लिहून ठेवते, तिसरी तक्रार देणाऱ्या बाईचं पोर सांभाळते. बोलणारी ही नगरसेवकाची कार्यकर्ती नसावी. ती बोलायला लागली की तक्रार तिची होते आणि मिटवामिटवही तीच करून येते. जबाब वाचून दाखवल्याशिवाय सही नाही. तक्रार जातीवरून झालेल्या अपमानाची असेल तर वाचताना तीन गोष्टी आल्यात का ते पाहायचं: जातीवरून नेमके कुठले शब्द वापरले, ते कुठे घडलं आणि कुणाकुणाच्या देखत घडलं, आणि बोलणारा अनुसूचित जाती-जमातीचा नाही. "जातिवाचक शिवीगाळ केली" एवढंच मोघम लिहिलं तर पुढे कोर्टात ते टिकत नाही. शब्द लिहायला लाज वाटते, तरी लिहायचे. आणि घडलं ते घराच्या चार भिंतींत, साक्षीदार कुणीच नाही, असं असेल तर अपमानाचं कलम लागायला अवघड जातं. मारहाण, विनयभंग, धमकी यांची कलमं वेगळी लागतात, ती सोडू नयेत.

ॲट्रॉसिटीचा, म्हणजे अनुसूचित जाती-जमातींवरच्या अत्याचारांविरुद्धचा कायदा १९८९ चा, पण २०१८ च्या दुरुस्तीतलं कलम १८ अ बायांना पाठ असायला हवं: गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. "आधी चौकशी करतो, मग बघू" याला उत्तर तेच कलम. तपास सहायक पोलीस आयुक्त दर्जाचा अधिकारी करतो, साठ दिवसांत दोषारोपपत्र अपेक्षित असतं, आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते. प्रत घेतल्याशिवाय उठायचं नाही. अडलं तर १४५६६ हा या कायद्यासाठीचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक, बायकांसाठी १८१, तातडीला ११२.

वकिलाचा खर्च हे बहुतेक जणींचं माघार घेण्याचं कारण. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे. १५१०० वर फोनही करता येतो. घरातल्या मारहाणीत २००५ च्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज देता येतो, त्यासाठी आधी पोलिसांत जायलाच हवं असं नाही. घरकाम करणाऱ्या किंवा दहापेक्षा कमी माणसांच्या वर्कशॉपमध्ये पॅकिंगला जाणाऱ्या बाईला मालकाचा, सुपरवायझरचा त्रास असेल तर २०१३ च्या कायद्यातली जिल्ह्याची स्थानिक समिती आहे, तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार. अंबड-सातपूरच्या बाया मंडळात आहेत, पण या समितीचं नाव मंडळात क्वचित निघतं. हा मोठा दोष धरावा.

सोबतीचा खर्च कुणी काढत नाही. धुण्याभांड्याची चार कामं धरलेल्या बाईचा दिवस बुडाला की मालकिणी खाडा धरतात. दर वेळी त्याच दोघी जातात आणि वर्षभरात थकतात. हिशेब अवघड नाही: साठ सभासद, तीस रुपये वर्गणी, अठराशे जमले. हजार विहाराच्या खर्चाला. उरलेल्या आठशेत दोनशेप्रमाणे महिन्याला चार खेपांचं बसभाडं आणि चहापाणी निघतं. रोषणाईची एक माळ कमी लागेल.

काय खटकतं

सगळं एका ताईच्या डोक्यात आणि तिच्याच मोबाइलमध्ये. कुणाचा अर्ज कुठवर आला, कुठल्या खिडकीवर कोण बरं बोलतं, कुणाची कोतवाल बुकातली नक्कल कुणाकडे, सगळं. ती आजारी पडली, सुनेच्या बाळंतपणाला मुंबईला गेली, की मंडळ तीन महिने बंद. दोनशे पानी वहीत रकाने आखले तरी पुरे: तारीख, नाव, काम, टोकन क्रमांक, कुठे अडलं, पुढची तारीख, सोबत कोण. ज्या मंडळात ही वही आहे तिथे दुसरी बाई निदान पुढचं पान तरी वाचू शकते.

विहाराची किल्ली बहुतेक ठिकाणी पुरुषांच्या कमिटीकडे असते. बाया झाडतात, फुलं लावतात, वर्षावासात आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने ग्रंथवाचनाला बसतात. पण मंगळवारी दुपारी बैठक घ्यायची तर किल्ली मागायला जायचं. नवऱ्याच्या मारहाणीवर बोलायचं आणि किल्ली त्याच्याच मित्राकडे, असंही असतं. यावरून पुढची गोष्ट: गुपित राहत नाही. बैठकीत सांगितलेलं रात्रीपर्यंत गल्लीत फिरतं. घरातल्या त्रासाचं काम असेल तर भर सतरंजीवर बोलू नये, एका ताईला बाजूला घेऊन सांगावं आणि ग्रुपवर एक अक्षर टाकू नये.

विहारातलं मंडळ म्हणजे बहुतांशी बौद्ध बायकांचं. शेजारच्या गल्लीतल्या मातंग, चर्मकार, मेहतर-वाल्मीकी बायका सावित्रीबाई जयंतीला येतात, वर्गणीही देतात, पण गटात घेताना "त्यांचं त्यांचं वेगळं आहे" असं ऐकू येतं. कोतवाल बुक त्यांनाही तेच लागतं, पोलीस स्टेशनही तेच. २५ डिसेंबरला स्त्रीमुक्ती दिनाची भाषणं देणाऱ्या मंडळाला हे विचारायला हरकत नसावी. काही ठिकाणी बैठक विहाराऐवजी अंगणवाडीत किंवा समाजमंदिरात घेतात, तिथे सरमिसळ जास्त दिसते.

निवडणुकीच्या आधी मंडळाचा भाव वाढतो, साड्या येतात, भांड्यांचे सेट येतात, एखादा मोफत सहलीची बस लावतो. घ्यायचं ते घ्या म्हणणाऱ्याही आहेत. मंडळ फुटतं ते मात्र साडीच्या रंगावरून.

कॉलेजच्या मुलींना इथे फारसं काही मिळत नाही. त्यांना अभ्यासाला जागा, मुलाखतीची तयारी, नोकरी लागलेल्या ताईचा नंबर हवा असतो. मंडळ त्यांना स्वागतगीताला उभं करतं.

गुण द्यायचेच तर बचतीला पाचात तीन, वहीवरून कमी-जास्त. कागदाला चार. सोबतीला साडेचार. गुप्ततेला दीड, तेही एखादी समजूतदार ताई भेटली तर.

जायचं कधी, हेही सांगायला हवं. पौर्णिमेला वंदना झाल्यावर सगळ्या भेटतात, ओळख व्हायला तोच दिवस बरा. एप्रिलचा पहिला पंधरवडा आणि डिसेंबरचा पहिला आठवडा सोडावा. जयंतीची आणि चैत्यभूमीला जायची गडबड असते, फाइल कुणी उघडत नाही. कंपनीत जाणाऱ्या बाया बहुधा शनिवारी मोकळ्या असतात, घरकामवाल्या दुपारी दोन ते चार. सोबत मूळ कागद नेऊ नयेत, दोन-दोन झेरॉक्स न्याव्यात. दाखल्याचं काम असेल तर निकालांच्या आधीच जावं. दहावी-बारावीचे निकाल लागले की सेतूच्या रांगेत मंडळातल्या ताईचाही नंबर दीडशेच्या पुढे असतो.